आधी आपलं गाव सांगावं

मी बाहेरच्या खोलीत फोनवर कोणाशी बोलतो आहे, हे माझी बायको स्वयंपाकघरात उभी राहून बिनचूक ओळखते. नाव कानावर पडावं लागत नाही. माझा आवाज सैल सुटला आणि शब्दांना हेल आला की गावाकडचा चुलतभाऊ, आणि 'आपण', 'कृपया' सुरू झालं की सोसायटीचे सेक्रेटरी. माणूस एक आणि तोंडं किती, असं म्हणून ती मला चिडवते. पूर्वी मी ओशाळत असे. आता ओशाळत नाही, आणि त्याला एक गोष्ट कारण आहे. तिला ती सांगून झाली आहे, आज तुम्हाला सांगतो.

घाटमाथ्यावरच्या एका गावात एकदा एक हाडवैद्य राहत होते. त्या गावातून एक वाट खाली कोकणात उतरे आणि तीन वाटा देशाकडे जात. गुरुवारी बाजार भरे. चहूकडची माणसं तिथे येत, आणि इतकी माणसं ओझी घेऊन चढू-उतरू लागली म्हणजे कोणाचं तरी हाड जागचं हलणारच. त्यामुळे वैद्यबुवांच्या ओसरीवर गुरुवारी पाय ठेवायला जागा नसे. बुवांचं वय सत्तरीच्या पुढे, दृष्टी मंद झालेली, पण बोटं अशी की जाड घोंगडीवरूनही सांधा चाचपून सांगत. लोक त्यांना फार मानत.

त्यांच्याकडे पुंजाजी नावाचा एक शिष्य आला. तेवीस-चोवीस वर्षांचा, मूळचा वऱ्हाडातला. नगरातल्या पाठशाळेत तीन वर्षं वैद्यक शिकून तो हाडाची विद्या शिकायला इथे आला होता. मुलगा हुशार, कष्टाळू, आणि वाणी अशी शुद्ध की ऐकणाऱ्याने बसल्या जागी पाय जवळ घ्यावेत.

ही शुद्ध वाणी त्याला फुकट मिळाली नव्हती. पाठशाळेतल्या पहिल्या दिवशी गुरुजींनी काही विचारलं आणि हा उत्साहाने उभा राहून म्हणाला, "मले येते जी." सगळा वर्ग हसला. पुढे कित्येक महिने जेवणाच्या पंगतीत, विहिरीवर, जिथे दिसेल तिथे मुलं त्याला त्याच्याच हेलात हाक मारत, आणि हाक मारून एकमेकांकडे बघत. ती हाक आली की पुंजाजीची मान आखडायची. मग त्याने चंगच बांधला. रोज पहाटे उठून मोठ्याने ग्रंथ वाचले, एकेक स्वर घासून घासून साफ केला, आणि तीन वर्षांत वऱ्हाडची खूण म्हणून तोंडात उरू दिली नाही. याचा त्याला अभिमान होता. घरी मात्र तो तीन वर्षांत गेला नव्हता. इथे वऱ्हाडीला हसले, तिथे या बोलण्याला हसतील, असं त्याला वाटे. गडी दोन्हीकडून अडकला होता, पण हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं.

आता वैद्यबुवांची रीत ऐका. रोगी समोर बसला की बुवा त्याचं दुखणं विचारत नसत. त्याचं कोपर आपल्या तळव्यावर घेत आणि विचारत, "गाव कोणतं?" तो गाव सांगे. मग त्या गावची नदी, तिथली यात्रा, यंदा आंब्याला मोहर कसा आहे, असं बोलणं सुरू होई, आणि बघता बघता बुवांची बोली पालटे. कोल्हापूरकडचा पैलवान आला की, "काय पैलवान, कुठं आपटलासा?" खानदेशातली म्हातारी आली की बुवांच्या बोलण्यात तिकडचा ठसका येई आणि म्हातारी भाकरीच्या गोष्टी काढी. कचेरीतले कारकून आले की बुवा पाठ ताठ करून "आपण असं बसावं, रावसाहेब" म्हणत. असं बोलता बोलता मध्येच टक् असा आवाज येई आणि सांधा जागेवर बसलेला असे. रोगी ओरडायचा, तो सांधा बसून गेल्यावर.

पुंजाजीला हे मुळीच रुचलं नाही. एका गुरुवारी त्याने मोजलं, सकाळपासून बुवा पाच तऱ्हांनी बोलले होते. त्याच्या मनात आलं, ही तर चक्क लबाडी. ज्याला जे गोड लागेल ते त्याच्या पुढ्यात वाढायचं. आपण एक शुद्ध वाणी कमवायला तीन वर्षं रक्त आटवलं, आणि हे गृहस्थ घटकेघटकेला वाणी बदलतात. आठवडाभर त्याने हे मनात दाबलं. मग एके दिवशी काढा उकळता उकळता त्याने बोलून टाकलं, "गुरुजी, क्षमा असावी. पण ज्याची वाणी स्थिर नाही, त्याचं मन स्थिर आहे हे मी कसं मानावं? मी दुसरा गुरू शोधेन म्हणतो."

दुसरा कोणी असता तर त्याने दार दाखवलं असतं. बुवांनी काढ्याखालचं एक लाकूड मागे ओढलं आणि म्हणाले, जायचं तर जा, पण पुढचे दोन बाजार थांब. मी रोग्याशी बोलत असताना तुझा तळवा त्याच्या पाठीवर ठेवत जा. एवढं कर आणि मग ठरव.

पुंजाजीने तसं केलं. आणि तळव्याखाली त्याला जे लागलं त्याने तो चकित झाला. माणूस ओसरीवर येतो तेव्हा नुसता दुखण्याने आखडलेला नसतो. परगावी, परक्या वैद्यासमोर, आपलं बोलणं चुकेल की काय या धास्तीनेही तो आखडलेला असतो. आपल्या बोलीतले दोन शब्द कानावर पडले की पाठीचा स्नायू हळूहळू मऊ होतो, श्वास खाली उतरतो, आणि नेमक्या त्या क्षणी बुवांची बोटं आपलं काम करतात. आखडलेला खांदा पाच माणसांनी ओढला तरी बसत नाही, आणि सैल पडलेला दोन बोटांनी बसतो.

इथे कोणीही म्हणेल की शिष्याला समजलं, गोष्ट संपली. तसं झालं नाही. हुशार माणसांना अर्धी गोष्ट फार लवकर समजते. पुंजाजीने ठरवलं की ही लबाडी नसून युक्ती आहे. जसा लेप, जशी पट्टी, तशी बोली. आणि युक्ती शिकायला त्याच्याइतका तयार कोण होता? एक बोली पुसून दुसरी चढवण्याचा त्याला तीन वर्षांचा सराव होता. दुसरा गुरू शोधायचं त्याने सोडून दिलं आणि तो फावल्या वेळात हेल पाठ करू लागला.

पुढच्या गुरुवारी शेजारच्या वाडीत एक म्हातारी न्हाणीत पडली म्हणून बुवांना सकाळीच बोलावणं आलं. ओसरी पुंजाजीवर सोपवून ते गेले. थोड्याच वेळात घाट चढून एक जोडपं आलं. सगुण नावाचा चाळिशीचा माणूस, आणि त्याची बायको जयवंती. दोघं डोक्यावर पाट्या घेऊन बाजाराला येत, एकीत आमसुलं आणि दुसरीत नारळ. शेवटच्या वळणावर सगुणचा पाय घसरला, पाटी सावरायला गेला आणि खांदा निखळला. चेहरा घामाने डबडबला होता. बायकोने दोन खेपा करून दोन्ही पाट्या ओसरीवर आणून ठेवल्या.

पुंजाजीने त्याचं कोपर तळव्यावर घेतलं आणि नाव-गाव विचारलं. सगुणने नाव सांगितलं आणि मालवणकडचं एक गाव हळूच सांगितलं. झालं, पुंजाजीला संधी मिळाली. त्याने मान एका बाजूला कलती केली, आवाज नाकात चढवला आणि लांब हेल काढून तो म्हणाला, "काय रे सगुणा, खंय आपाटलंस?"

उच्चार अगदी बरोबर होता, त्यात खोट काढायला जागा नव्हती. पण ओसरीवर बसलेली दहा माणसं खो खो हसली. बुवाही असं 'रे' म्हणत, पण बुवा सत्तरीचे होते, आणि आधी चार गोष्टी बोलून मग म्हणत. हा पोरसवदा माणूस चाळिशीच्या गृहस्थाला अरे-तुरे करत होता, तेही त्याच्याच हेलात, दहा लोकांसमोर. पुंजाजीचा दुसरा तळवा सगुणच्या पाठीवर होता. त्या तळव्याखाली पाठ लाकडासारखी ताठ झाली.

सगुणने आपलं कोपर हळूच काढून घेतलं. तो उठला. आणि अडखळत, एकेक शब्द जुळवत म्हणाला, "आपण शुद्ध बोला. मला समजतं." मग त्याने बायकोला खूण केली. तिने नवऱ्याचा हात फडक्याने गळ्यात बांधला, नारळांची पाटी डोक्यावर घेतली, आणि दोघं आल्या वाटेने घाट उतरू लागली. आमसुलांची पाटी ओसरीवरच राहिली.

लोक अजून हसत होते. पुंजाजी तळव्याकडे बघत बसला होता. ताठ झालेली ती पाठ त्याच्या ओळखीची होती. पाठशाळेच्या पंगतीत त्याची मान आखडायची ती अशीच. तिथली मुलंसुद्धा उच्चारात चुकत नसत.

आणि नुसतं मन दुखावलं असतं तर एक वेळ चाललं असतं. निखळलेला खांदा दुपारपर्यंत सुजतो, एकदा सुजला की बसवणं कठीण, आणि चार दिवस तसाच राहिला तर हात जन्माचा अधू. खाली कोकणात त्याच्या गावाजवळ हाडवैद्य नव्हता. ज्याचं पोट डोक्यावरच्या पाटीवर चालतं त्याचा हात गेला तर काय होईल, हे पुंजाजीला कोणी सांगायला नको होतं. त्याने आमसुलांची पाटी उचलून डोक्यावर घेतली आणि तो घाटाकडे धावला.

डोक्यावर ओझं घेऊन घाट उतरायची त्याला सवय नव्हती. मान भरून आली, दोनदा पडता पडता वाचला. अर्ध्या घाटात एक झरा आहे, तिथे ती दोघं थांबली होती. सगुण दगडाला टेकून बसला होता आणि जयवंती ओला फडका त्याच्या खांद्यावर ठेवत होती. पुंजाजीला पाहताच ती उठून मध्ये उभी राहिली. पाटी ठेवून परत जा, म्हणाली. आम्ही गरीब आहोत, पण हसवायला आलेलो नाही.

पुंजाजीने पाटी खाली ठेवली. त्याला धाप लागली होती. काय बोलायचं ते त्याने उतरताना जुळवून ठेवलं होतं, चांगली शुद्ध, विनम्र वाक्यं होती. त्यातलं एकही ओठावर आलं नाही. तोंडून जे आलं ते तीन वर्षं कोणी ऐकलं नव्हतं.

"माह्यं चुकलं जी दादा. मले बी लोकं असेच हासले होते. अन् आज मीच तुमच्याशी तसा वागलो."

जयवंती बाजूला सरकली. सगुणने मान वर करून त्याच्या तोंडाकडे पाहिलं. मग विचारलं, "तुमी खंयचे?"

पुंजाजीने आपल्या गावाचं नाव सांगितलं. कुठे आलं ते, असं सगुणने विचारलं. पुंजाजी सांगू लागला. किती दिवसांची वाट आहे, काळी जमीन कशी असते, उन्हाळ्यात घरातही कसं बसवत नाही. समुद्र त्याने पाहिला नव्हता. हे ऐकून सगुणला भारी नवल वाटलं. समुद्र न पाहता माणूस इतका मोठा कसा झाला, असं त्याने बायकोला विचारलं आणि तीसुद्धा हसली. मग सगुण समुद्राबद्दल सांगू लागला. बोलता बोलता पुंजाजी त्याच्याजवळ सरकला होता, आणि कोपर त्याच्या तळव्यावर कधी आलं ते दोघांनाही कळलं नाही. सगुण लाटांची उंची सांगत होता. दुसऱ्या तळव्याखाली पाठ मऊ झाली, श्वास खाली उतरला, आणि टक् असा आवाज झाला.

सगुण ओरडला. मग त्याने बोटं हलवून पाहिली, मूठ वळून पाहिली, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. जयवंतीने झऱ्याचं पाणी ओंजळीत आणून आधी नवऱ्याला दिलं आणि मग पुंजाजीला.

"आदीच असा बोलाचा होता," सगुण म्हणाला.

त्या हाताने महिनाभर ओझं उचलायचं नव्हतं, पण बाजार तर गाठायचा होता. तेव्हा जयवंतीने नारळ घेतले, आमसुलं पुंजाजीने घेतली, आणि तिघं पुन्हा घाट चढू लागली. वैद्यबुवा एव्हाना वाडीहून परतले होते आणि ओसरीवरच्या लोकांकडून सकाळची हकीकत त्यांच्या कानावर गेली होती. समोरून आपला शुद्धवाणी शिष्य डोक्यावर पाटी घेऊन, घामाघूम होऊन, सगुणशी गप्पा मारत येताना दिसला. बुवांनी जागा करून दिली. सगुणचा खांदा चाचपला, मान डोलावली आणि पट्टी स्वतः बांधली. दोघं बाजारात गेल्यावर पुंजाजीने सगळं कबूल केलं. काही लपवलं नाही. शेवटी म्हणाला की तुमची युक्ती मला साधली नाही, झऱ्यावर मी माझ्याच बोलीत बोललो.

"तुझ्याच बोलीत?" बुवा हसले. "मघाशी पायऱ्या चढताना तू त्याला 'खंय ठेवू पाटी' म्हणालास. मी ऐकलं. आणि त्याने तुला 'जी' म्हटलं."

पुंजाजीने आठवून पाहिलं. त्याला यातलं काहीच आठवत नव्हतं.

मग बुवा जरा गंभीर झाले आणि म्हणाले, "ऐक. ही युक्ती नव्हे. मी बोली बदलत नाही, ती बदलते, आणि पुष्कळदा मला नंतर कळतं. पाहुणा दारात आला की आपण उठून अंगणात जातो ना, तेवढीच ही गोष्ट. चार पावलं तो येतो, चार पावलं आपण जातो. सकाळी तू अंगणात गेला नाहीस. त्याचे कपडे अंगावर चढवून त्याच्यासमोर उभा राहिलास. कपडे बरोबर होते, म्हणूनच त्याला जास्त लागलं. आणि अंगणात जायला आधी आपलं घर उघडं लागतं. तू तीन वर्षं तुझ्या घराला कुलूप घालून बाहेर उभा होतास. लोकांनी चार पावलं यायचं तरी कुठे?"

पुंजाजीला खूप काही बोलायचं होतं. पण त्याने एवढंच विचारलं, की मग गुरुजी, तुमची स्वतःची बोली कोणती? इतकी वर्षं इतक्यांना भेटलात, ती हरवली नाही का?

बुवांनी आतल्या दाराकडे बोट दाखवलं. ते हिला विचार, म्हणाले. माझा पाय उंबऱ्याला ठेचकाळतो तेव्हा मी काय बोलतो ते तिने चाळीस वर्षं ऐकलं आहे. आतून बाईंचं हसू ऐकू आलं, आणि मग पुंजाजीलाही हसू आवरेना.

पुढच्या गुरुवारी ओसरी पुन्हा भरली. दूरच्या गावची एक बाई आली होती, मनगट मोडलेलं, परक्या गावात आल्याने अंग चोरून बसलेली. बुवांनी पुंजाजीला खुणेने पुढे केलं. त्याने तिचं कोपर तळव्यावर घेतलं. ओसरीवर मागच्या गुरुवारची चार-सहा माणसं होती, ती हसायला तयारच बसली होती. पुंजाजीने त्यांच्याकडे पाहिलं नाही. त्याने तिचं गाव विचारलं नाही. आधी स्वतःचं सांगितलं.

"मी वऱ्हाडातला जी, मावशी. लई दूर हाये माह्यं गाव. तुमचं कोनतं?"

कोणी हसलं नाही. बाईने मान वर केली आणि आपल्या गावाचं नाव सांगितलं, आणि मग न विचारता नदीचंही. पुंजाजीच्या तळव्याखाली तिचा हात सैल होत गेला. दिवाळीला तो घरी गेला, तीन वर्षांनी.

परवा आमच्याकडे बायकोच्या माहेरून फोन आला. कोणाचा आहे ते मी बाहेरच्या खोलीतून तिच्या हेलावरूनच ओळखलं, पण चिडवलं नाही. पेपर बाजूला ठेवून ऐकत बसलो.